तळाची नोकरी

माझी नोकरी तळाशी.
तालकावानोच्या नौदल तळावर छपराखाली एक तलाव आहे,
चार मीटर खोल, क्लोरीनने डोळे चुरचुरवणारा.
त्याच्या बुडाशी मी बसतो, पाठीवर सिलिंडर,
आणि वर बघत राहतो.

वर साखळ्यांना टांगलेला पत्र्याचा सांगाडा,
ना पंखा, ना शेपूट, ना इंजिन.
त्याला हेलिकॉप्टर म्हणायचं.
चार खुर्च्या, चार पट्टे, चार खिडक्या,
आणि आकाश शिकायला आलेली पोरं.
त्यांना आधी पाणी शिकवतात.

सांगाडा उचलतात, सोडतात.
पाणी मांडीला, छातीला, हनुवटीला.
मग तो कूस बदलतो
झोपेतल्या बैलासारखा,
आणि डोकी माझ्याकडे येतात.

नियम तीनच.
एक हात खिडकीच्या चौकटीवर.
गिरकी थांबेपर्यंत आपण हलायचं नाही.
पट्टा सगळ्यात शेवटी.
फळ्यावर सगळेच पास होतात.

काय काय पाहिलंय मी खालून!
आपल्याच नाकातले बुडबुडे
पायांकडे निघालेले बघून
पाण्याचंच चुकतंय असं वाटलेला एक कप्तान.
पट्टा आधी सोडला म्हणून
जमिनीला फुग्यासारखा चिकटलेला दुसरा.
जमीन तेव्हा वर होती.

मंगळवारी यास्ना ओयार्सो. चिलोए बेटावरची.
चार फेऱ्या पार. पाचवी अंधारातली.
दिवे मालवले.
साखळ्या कुरकुरल्या, पाणी उलटंपालटं झालं,
मग कानच उरले.
खट्.
खट्. खट्.
चौथा आवाज नाही.

मी आकडे मोजत नाही, आकडे घाई करतात.
मुलीच्या वर्गाची हजेरी घेतो मनात, ती रोज घोकते तशी:
आबुर्तो. बाराओना. कार्देनास.
दुआर्ते. एस्पिनोसा.
फुएन्तेआल्बा.
गायार्दो म्हटलं की हात घालायचा.

गायार्दो.

तिचा डावा हात खिडकीवरच होता,
शिकवला तसा, अगदी बरोबर.
इतका घट्ट की बोटं एकेक करून उचकटावी लागली.

काठावर बसून खोकली बराच वेळ.
टॉवेल खांद्यावर घेतला, पुसलं काहीच नाही.
म्हणाली, “सार्जंट, बाबा चाळीस वर्षं मासे धरतात.
पोहता येत नाही त्यांना.
म्हणतात, आमच्या पाण्यात पोहणारा
मरायला फक्त जास्त वेळ घेतो.
काल फोनवर विचारलं, काय शिकवतात तिथे?
म्हटलं, बुडायला, आणि बाहेर यायला.
खूप हसले. म्हणाले,
आम्हाला पहिला अर्धाच धडा झाला.”

मी काही बोललो नाही.
तळाच्या माणसाने वर आल्यावर फार बोलू नये.

दुपारी मेसमध्ये बघतो तर ही
डोळे मिटून खुर्चीत ताठ,
डावा हात शेजारची खिडकी चाचपतोय,
उजवा पोटावरचा नसलेला पट्टा सोडतोय,
पुन्हा, पुन्हा.
कोणाचं तरी सूप सांडलं तिच्या कोपराने.
कोणी हसलं नाही. त्या टेबलावरचे सगळे
कधी ना कधी उलटे झालेले होते.

संध्याकाळी परत अंधार.
खट्, आणि तिघांचे खट् जवळजवळ एकदम.
मी कार्देनासपर्यंतही पोचलो नव्हतो.
माझ्या डोक्यावरून चार जोडी पाय
वर जाताना जाणवले,
त्यातली एक लाथ मुखवट्यावर बसली.
तिचीच असावी. असू दे.

शुक्रवारी ती दक्षिणेला गेली, पुंता आरेनासला,
खऱ्या पंख्यांखाली, खऱ्या पाण्यावर.
त्या पाण्याच्या बुडाशी कोणी बसलेलं नसतं,
हे आम्ही फळ्यावर लिहीत नाही.

रात्री वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, की जाग येते.
शेजारी बायको, पलीकडे मुलगी झोपलेली.
माझा डावा हात भिंतीवर जातो, चौकट शोधतो.
आबुर्तो, म्हणतो मी. बाराओना.
सावकाश म्हणतो.
फुएन्तेआल्बाशी आलो की
पुन्हा पहिल्यापासून.